‘रन’ या एका शब्दावर तपासलेली ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी

इंग्रजी डिक्शनरी घेताना बरेच जण दुकानातच एखादा लांबलचक, अवघड शब्द काढून बघतात. तो सापडला की डिक्शनरी पसंत. पण अशा शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो आणि तो कुठलाही बरा कोश नीट सांगतो. कोशाचं पाणी जोखायचं तर गेट, सेट, टेक, रन असले पहिली-दुसरीच्या पुस्तकात येणारे शब्द काढावेत. विद्यार्थी, अनुवादक, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं अडतात ती इथेच. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून कोश उघडलाच जात नाही. उघडला तरी अर्थांची रांग बघून धीर सुटतो आणि पहिला अर्थ उचलून पुढे जायचं, एवढंच होतं.

म्हणून ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची 2020 मध्ये आलेली दहावी आवृत्ती आणि तिचं मोफत संकेतस्थळ इथे फक्त ‘रन’ या शब्दावर तपासलं आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला अडलेला अर्थ किती लवकर आणि किती बिनचूक मिळतो, एवढंच पाहायचं होतं.

आधी शब्दाचा आवाका. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा वेगळा, इतिहासासह अर्थ देणारा महाकोश आहे. नावं सारखी असल्यामुळे दुकानदारही दोन्हींत गल्लत करतात. त्या महाकोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, काम 1928 मध्ये पुरं झालं आणि 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीचे 20 खंड झाले. त्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या सुधारणेत ‘रन’नं ‘सेट’ला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले आणि ती एक नोंद तयार करायला एका संपादकाचे नऊ महिने गेले. आगगाडी, गिरणी, मोटार, संगणक अशी एकेक गोष्ट आली आणि तिच्यासाठी इंग्रजीनं हेच क्रियापद वापरलं, त्यामुळे ते फुगत गेलं. विद्यार्थ्यांच्या कोशाला हा पसारा एक-दोन पानांत बसवायचा असतो. काय ठेवलं, काय गाळलं आणि ठेवलेलं कसं लावलं, यावर त्याची किंमत ठरते.

मराठी वाचकाचा पेच त्याहून वेगळा आहे. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ असं पाठ होतं. प्रत्यक्षात इंग्रजी जिथे धावतं तिथे मराठी बहुतेक वेळा चालतं. मशीन चालतं, दुकान चालतं, पंखा चालतो, क्लास चालतो, सिनेमा 25 आठवडे चालतो. आपल्याकडे धावते ती गाडी. स्टेशनवरच्या घोषणेत लोकल ‘उशिराने धावत आहे’ असंच ऐकू येतं आणि बातमीत संपानंतर एसटी पुन्हा ‘धावू लागते’. बाकीच्या वापरांत मराठी प्रत्येक वेळी नवं क्रियापद काढते. नदी वाहते. रस्ता रुळांना समांतर जातो. मेण ओघळतं. नाक गळतं किंवा वाहतं. अंगात ताप असतो. माणूस निवडणुकीला उभा राहतो. नाटक 100 रात्री ‘रन’ झालं तर मराठीत त्याचे 100 प्रयोग झाले. भाडेकरार 11 महिने ‘रन’ होत असेल तर मराठीत त्याची मुदत 11 महिन्यांची आहे, तिथे क्रियापदाची गरजही पडत नाही. म्हणजे मराठी माणसाला ‘रन’चा अर्थ शोधताना खरा प्रश्न असतो तो कर्त्याचा: काय ‘रन’ होतंय? कोशानं याच प्रश्नावरून वाट दाखवली तर निम्मं काम तिथेच होतं.

या डिक्शनरीचं सर्वांत मोठं बळ नेमकं इथे आहे. ‘रन’च्या क्रियापदाखाली अर्थांच्या गटांवर छोटे मथळे दिले आहेत. पायी वेगानं जाणं, शर्यत, घाई, व्यवस्थापन, वाहन किंवा यंत्र, बस आणि गाड्या, द्रव पदार्थ, रंग, वितळणं, वर्तमानपत्र, चाचणी, निवडणूक, अशा अर्थाचे हे मथळे आहेत. पुष्कळसे मथळे कर्त्यावरून किंवा कर्मावरूनच बांधलेले आहेत. त्यामुळे सगळी नोंद वाचायची गरज नाही. मथळ्यांवरून बोट फिरवायचं, आपल्या वाक्यातला कर्ता जिथे दिसेल तिथे थांबायचं आणि तेवढीच व्याख्या वाचायची.

‘द कलर्स रॅन इन द वॉश’ हे वाक्य घ्या. कर्ता रंग आहे, म्हणून थेट रंगाच्या मथळ्यावर जायचं. तिथली व्याख्या सांगते की कापड ओलं झाल्यावर रंग सुटतो आणि दुसऱ्या गोष्टींना लागू शकतो. आता मराठी करताना दोन वाटा आहेत. कापडाबद्दल बोलायचं असेल तर ‘धुताना रंग गेला’. शेजारचा पांढरा सदरा खराब झाला हे सांगायचं असेल तर ‘रंग दुसऱ्या कपड्यांना लागला’. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात येतं. कोश इंग्रजी-इंग्रजी असल्यामुळे ही निवड वाचकाला करावी लागते, पण ती करायला लागणारी माहिती व्याख्येत पुरेपूर आहे. ‘रन: धावणे, पळणे, वाहणे, चालवणे, पसरणे’ अशी स्वल्पविरामांची रांग लावणाऱ्या स्वस्त इंग्रजी-मराठी कोशांत नेमकी हीच माहिती नसते. पाच प्रतिशब्द हाती पडतात, त्यातला कुठला कधी वापरायचा हे कुणी सांगत नाही. ‘रंग पसरला’ असं भाषांतर होतं आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे रंगपंचमी येते.

व्याख्या सोप्या आहेत हेही मानायला हवं. ‘ऑक्सफर्ड 3000’ म्हणून निवडलेल्या नेहमीच्या शब्दांच्या आधारानं त्या लिहिलेल्या आहेत. त्यामुळे एका शब्दाचा अर्थ कळायला दुसरे तीन शब्द शोधावे लागत नाहीत. दहावीपर्यंतचं इंग्रजी नीट झालेल्या मुलाला त्या कळतात. आठवीच्या खालच्या मुलाला मात्र देऊ नका. तो मथळ्यांतच हरवेल आणि डिक्शनरीची धास्ती घेईल.

मथळ्यांइतकंच महत्त्वाचं, पण बहुतेकांच्या नजरेतून सुटणारं, म्हणजे चौकोनी कंसातली व्याकरणाची खूण: कर्म घेणारं की न घेणारं. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही दोन वेगळी रूपं आहेत. दुकान चालतं, पण मालक ते चालवतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन’च. ‘शी रन्स अ शॉप’ यात ती दुकानात धावत नाही, ती दुकान चालवते. खूण सकर्मक असेल तर मराठीत ‘-वणे’चं रूप लागण्याची शक्यता जास्त, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात. रूपांची माहिती नोंदीच्या सुरुवातीलाच आहे: रन, रॅन, आणि तिसरं रूप पुन्हा रन. ‘हॅज रॅन’ ही चूक पदवीधरांच्या अर्जांतही दिसते. त्या एका ओळीवर नजर टाकली असती तर ती झाली नसती.

आता शोधण्याची रीत, कारण डिक्शनरी कितीही चांगली असली तरी चुकीच्या दारातून शिरलं की माणूस भरकटतो. वाक्यातला ‘रन’ नाम आहे की क्रियापद, हे आधी बघा. त्याच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ किंवा विशेषण असेल तर बहुधा नाम, आणि नामाची नोंद क्रियापदाहून वेगळी आहे. क्रियापद असेल तर त्याच्यानंतर आलेला छोटा शब्द बघा: आउट, इंटू, ओव्हर, अप, डाउन, थ्रू. असा शब्द असेल तर मुख्य अर्थांत वेळ घालवू नका, थेट क्रियापदाच्या शेवटी असलेल्या फ्रेझल व्हर्बच्या भागात जा. तिथला क्रम अक्षरांप्रमाणे आहे. छोटा शब्द नसेल तरच कर्ता पकडून मथळ्यांकडे यायचं. शेवटी उदाहरणाचं वाक्य वाचायचं आणि त्यात आपला कर्ता बसवून बघायचा. बसला नाही तर मथळा चुकला आहे. हे सगळं सवयीनं अर्ध्या मिनिटात होतं.

चुका सर्वांत जास्त होतात त्या फ्रेझल व्हर्बमध्ये, म्हणून हा भाग बारकाईनं पाहिला. ‘रन आउट’ घ्या. वेळ ‘रन आउट’ झाला म्हणजे संपला. आपण वेळ ‘रन आउट ऑफ’ झालो, म्हणजे आपल्याकडचा वेळ संपला. अर्थ एकच, पण कर्ता बदलला की ‘ऑफ’ हवाच. करारपत्र किंवा परवाना ‘रन आउट’ झाला तर त्याची मुदत संपली. मराठीत तिन्हीकडे ‘संपणे’ चालतं, म्हणून मराठी माणूस ‘ऑफ’ विसरतो आणि ‘वुई रॅन आउट मिल्क’ असं लिहून मोकळा होतो. डिक्शनरीत हे वापर वेगवेगळ्या ओळींत, आपापल्या उदाहरणांसह दिलेले आहेत. क्रिकेटमधला ‘रन आउट’ही तिथेच आहे, पण त्याचा साचा निराळा: कुणाला तरी ‘रन आउट’ करणे, आणि तोही बहुतेकदा कर्मणी प्रयोगात. आपल्याकडे त्याला धावचीत किंवा धावबाद असे दोन छान शब्द आहेत. क्रिकेट कळणाऱ्या मुलाला हा फरक समजावायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी: फलंदाज ‘वॉज रन आउट’ होतो, दूध ‘रॅन आउट’ होतं.

‘रन अप’ हे दुसरं चांगलं उदाहरण. बिल किंवा कर्ज ‘रन अप’ करणं म्हणजे ते साचू देणं, वाढवून ठेवणं. कपडा ‘रन अप’ करणं म्हणजे तो झटपट शिवून काढणं. झेंडा ‘रन अप’ करणं म्हणजे वर चढवणं. तिन्ही अर्थ क्रमानं दिलेले आहेत. मधे जोडरेघ घालून होणारं ‘रन-अप’ हे नाम मात्र वेगळी स्वतंत्र नोंद आहे. त्याचा एक अर्थ गोलंदाज चेंडू टाकण्याआधी घेतो ती धाव, दुसरा एखाद्या घटनेआधीचा काळ. इंग्रजी पेपरात ‘इन द रन-अप टू द इलेक्शन’ असतं तेव्हा मराठीत सरळ ‘निवडणुकीच्या तोंडावर’ म्हणावं. जोडरेघेच्या नोंदी स्वतंत्र असतात हे माहीत नसलं तर माणूस मुख्य नोंदीत शोधत बसतो आणि ‘यात हा अर्थच नाही’ असं म्हणून डिक्शनरी मिटतो. ‘रन-डाउन’चंही तसंच. बॅटरी ‘रन डाउन’ होते म्हणजे उतरते. कुणाला ‘रन डाउन’ करणं म्हणजे त्याची नालस्ती करणं, किंवा गाडीनं धडक देऊन त्याला पाडणं. पण जोडरेघेचं विशेषण माणसाला लावलं तर तो थकलेला, गळून गेलेला, आणि इमारतीला लावलं तर ती पडझड झालेली.

‘रन इंटू’ला मराठीत तर चार वाटा फुटतात. मित्राला ‘रन इंटू’ झालो: वाटेत गाठ पडली. झाडाला ‘रन इंटू’ झालो: गाडी आदळली. अडचणीत ‘रन इंटू’ झालो: अडचण उभी राहिली. खर्च कोटींत ‘रन इंटू’ झाला: कोटींच्या घरात गेला. हे चारही वापर नोंदीत मिळतात. ‘रन ओव्हर’ मात्र जपून वाचा. कार्यक्रम ‘रन ओव्हर’ झाला म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबला. माणूस ‘रन ओव्हर’ झाला म्हणजे त्याच्या अंगावरून गाडी गेली. बातमीचं भाषांतर करताना इथे घाई केली तर अनर्थ होतो.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत जाचक म्हणजे वाक्प्रचारांची जागा. ‘रन’ असलेले पुष्कळसे वाक्प्रचार ‘रन’च्या नोंदीत नाहीत. नोंदीत तशी सूचना आहे: वाक्प्रचारातलं नाम किंवा विशेषण जिथे असेल तिथे बघा, उदाहरणार्थ ‘रन रायट’ हे ‘रायट’ खाली. कोशकारांच्या दृष्टीनं हे बरोबर आहे. ‘रन’खाली सगळे वाक्प्रचार घातले तर नोंद दुप्पट होईल. पण नवख्या वाचकाला वाक्प्रचारात नाम कुठलं आणि क्रियापद कुठलं हेच आधी ठाऊक नसतं. ‘रन द रिस्क’ साठी ‘रिस्क’ उघडायचं, ‘रन इन द फॅमिली’ साठी ‘फॅमिली’. छापील प्रतीत म्हणजे पुन्हा पानं उलटणं. संकेतस्थळावर हा त्रास बराच कमी होतो, कारण शोधाच्या चौकटीत सगळा वाक्प्रचार टाकता येतो. तेव्हा वाक्प्रचारांसाठी संकेतस्थळ आणि अर्थ निवांत वाचण्यासाठी छापील प्रत, अशी वाटणी करावी.

दुसरी उणीव आपल्याकडच्या वापरांची. विलायती विद्यार्थी-कोशाकडून भारतीय कामधंद्याच्या इंग्रजीची अपेक्षा ठेवता येत नाही, हे खरं. तरी मराठी वाचकाला रोज भेटणारा ‘रन’ नेमका तोच आहे. सुतार आणि फर्निचरवाले ‘रनिंग फूट’चा दर सांगतात. त्यात फक्त लांबी धरतात, रुंदी धरत नाहीत. ओटा 8 फूट लांब आणि 2 फूट रुंद असेल तर रनिंग फुटाच्या दरानं 8 फुटांचे पैसे, चौरस फुटाच्या दरानं 16 चे. दर ऐकताना हा एक शब्द नीट ऐकला नाही तर बिल दुप्पट वाटतं किंवा कोटेशन फसवं वाटतं. बांधकामाच्या ठेक्यात ‘रनिंग बिल’ असतं. काम सुरू असतानाच, झालेल्या कामाची मापं मोजमाप पुस्तकात नोंदवून मधूनमधून काढलेलं बिल ते हेच. शेवटी निघतं ते फायनल बिल. त्याचं ‘धावते देयक’ असं भाषांतर कुणी करू नये, ‘चालू देयक’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. रेल्वेत मोटरमन, लोको पायलट, ट्रेन मॅनेजर (2022 पर्यंतचं नाव गार्ड) हे ‘रनिंग स्टाफ’, आणि ड्यूटीच्या मधे ते विश्रांती घेतात ती ‘रनिंग रूम’. या सगळ्यांत ‘रनिंग’ म्हणजे सलग, चालू किंवा गाडीवरचं. धावण्याचा थेट संबंध कुठेच नाही. ‘फाइव्ह डेज रनिंग’ म्हणजे लागोपाठ पाच दिवस, हा वापर मात्र कोशात ‘रनिंग’ या वेगळ्या नोंदीत आहे. तिथे तो नामानंतर येतो हेही सांगितलं आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. ‘रनिंग फाइव्ह डेज’ असं लिहिलं तर तो अर्थ उरत नाही.

या ओघात एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचा अभिमान वाटतो. मराठीनं काही ठिकाणी ‘रन’चं धावणं जसंच्या तसं आपलंसं केलं आहे आणि ते शब्द अगदी घरचे वाटतात. विमानाची धावपट्टी, क्रिकेटची धाव, धावफलक, धावसंख्या, आकाशवाणीमुळे घरोघरी पोचलेलं धावतं समालोचन. शिवणकामातल्या साध्या टाक्याला धावदोरा म्हणतात आणि इंग्रजीतही तो ‘रनिंग स्टिच’च आहे. सुई कापडातून खालीवर होत पुढे सरकत जाते आणि टाके एका ओळीत सलग पडतात, ही प्रतिमा दोन्ही भाषांना दिसली. तेव्हा ‘रन’चं मराठी करताना ‘धाव’ कायमची टाकून द्यायची असंही नाही. कान उघडा ठेवायचा.

नामाची नोंद क्रियापदाइतकीच वाचनीय आहे आणि लोक ती वाचत नाहीत. पळण्याची फेरी, प्रवास, यशापयशाची सलग मालिका, नाटक-सिनेमाचा मुक्काम, छपाईची किंवा उत्पादनाची एक खेप, क्रिकेटची धाव, कोंबड्यांना फिरायला कुंपण घातलेली जागा, पायमोज्याची उसवलेली रेघ, इतकं सगळं त्यात येतं. बँकेवरचा ‘रन’ तर प्रत्येकानं वाचावा. बँक बुडणार या धास्तीनं ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात, तो हा ‘रन ऑन द बँक’. मराठी बातमीत ‘ठेवीदारांची झुंबड’ म्हटलं की भागतं. ‘द रन्स’ असं अनेकवचनात आलं की ते जुलाब. दवाखान्यात परदेशी पाहुण्याची तक्रार ऐकताना हा अर्थ माहीत हवा. ‘इन द लाँग रन’, ‘ट्रायल रन’, ‘ड्राय रन’ यांतही नामच आहे. ‘ड्राय रन’ला आपल्या नाटकवाल्यांची ‘रंगीत तालीम’ जवळची वाटते, पण रंगीत तालमीत कपडे, रंगभूषा, प्रकाश सगळं खरं असतं. ‘ड्राय रन’मध्ये खरी सामग्री न वापरता नुसता क्रम करून बघतात. म्हणून लसीकरणासारख्या कामाला ‘सराव फेरी’ म्हणणं जास्त नेमकं.

दुसऱ्या कोशांशी ताडून पाहिलं तर काय दिसतं? लाँगमन डिक्शनरी ऑफ काँटेम्पररी इंग्लिश ही याच तोडीची. तिच्या व्याख्या साधारण 2,000 शब्दांत बसवलेल्या, म्हणून आणखी सोप्या. ‘रन’मध्ये ती संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा मथळा देते आणि पुष्कळसे वाक्प्रचार त्याच नोंदीत क्रमांक घालून देते. म्हणजे ऑक्सफर्डची जी मोठी अडचण, ती इथे नाही. पण त्यामुळेच नोंद लांबते आणि शोधता शोधता डोळे थकतात. कॉलिन्स कोबिल्डची 1987 पासूनची खासियत म्हणजे व्याख्या पूर्ण वाक्यात असते. ‘द्रव पदार्थ एखाद्या दिशेनं रन झाला तर तो तिकडे वाहतो’ अशा धर्तीची. मराठी वाचकाला हे फार मानवतं, कारण कर्ता व्याख्येतच दिसतो. आपलं वाक्य त्या साच्यात बसतं का, ते लगेच कळतं. ज्याला मथळे बघून नेमका अर्थ पकडता येत नाही त्यानं कोबिल्ड घ्यावी, हे आमचं स्पष्ट मत. केंब्रिजच्या संकेतस्थळावर अर्थाशेजारी एका-दोन शब्दांची खूण असते आणि इंग्रजी-मराठी विभागही आहे. प्रतिशब्द पटकन हवा असेल तेव्हा तो कामाला येतो, पण खोलात जायला इंग्रजी-इंग्रजी नोंदच उघडावी लागते.

भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपांबद्दल थोडक्यात. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी 2013 मध्ये आली आणि पूर्वीच्या मानानं आता पुष्कळ सुधारणा आहे. तरी एक पथ्य पाळा: एकटा ‘रन’ कधी टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. एकट्या शब्दाला संदर्भ नसतो, मग यंत्र तरी कर्ता कुठून आणणार. आणि आलेलं मराठी वाक्य कोशातल्या उदाहरणाशी एकदा ताडून घ्या, विशेषतः ‘रन ओव्हर’, ‘रन डाउन’ असल्या दुधारी जागी.

विकत घेताना काय बघावं? छापील प्रत घेणार असाल तर पुस्तकाच्या पाठीवरचा आवृत्तीचा क्रमांक बघा. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सातवी-आठवी आवृत्ती स्वस्तात मिळते आणि ‘रन’सारख्या शब्दासाठी ती अजूनही उत्तम आहे. नव्या आवृत्तीत विशेष काय आहे तर ‘ऑक्सफर्ड 5000’ची जास्तीची यादी आणि महत्त्वाच्या शब्दांना ए-1 (म्हणजे अगदी प्राथमिक) पासूनच्या पातळीच्या खुणा. मुलाला आधी कुठला अर्थ शिकवावा हे ठरवायला शिक्षकांना त्या खुणांचा फार उपयोग होतो. प्रतीसोबत अ‍ॅपचा किंवा संकेतस्थळाचा कोड असेल तर तो आधी कुणी वापरलेला नाही याची खात्री करा. अप्पा बळवंत चौकात घ्या नाहीतर फोर्टात, दुकानातच ‘रन’ची नोंद उघडून दोन-तीन मथळे वाचून बघा. छपाई पुसट असेल तर मथळा, व्याख्या आणि उदाहरण यांचे वेगवेगळे टाइप एकसारखे दिसू लागतात. मग ज्या मथळ्यांसाठी हा कोश घ्यायचा त्यांचाच उपयोग उरत नाही. अशी प्रत कितीही स्वस्त मिळत असली तरी परत करा. चाळिशीच्या पुढच्यांनी छापील प्रतीचा हट्ट धरू नये, अक्षर खरोखर बारीक आहे. त्यांना संकेतस्थळ बरं, तिथे अक्षर मोठं करता येतं आणि ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. ‘रन’ आणि ‘रॅन’ मधला फरक कानानं पक्का करायचा असेल तर ते दोन्ही उच्चार लागोपाठ दोनदा लावून ऐका. निवडणुकीच्या बातम्या वाचणाऱ्यांनी तिथला एक शेरा आवर्जून बघावा: अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, तो ब्रिटनमधल्यासारखाच.